ताडपत्रीखालचं पाणी

गळती शोधायच्या कामात नव्या माणसाला सगळ्यात आधी थांबायला शिकवतात. बादली भरून तलावाच्या पायरीवर ठेवायची, बादलीतल्या आणि तलावातल्या पाण्याच्या पातळीला खूण करायची आणि सरळ घरी जायचं. तीन दिवसांनी परत यायचं, मधे हात लावायचा नाही. माझा बॉस हेंक हे पाळण्यातल्या बाळाबद्दल बोलावं तसं सांगायचा. "झोपू दे त्याला, शिरी. सारखं पांघरूण उचलून बघू नकोस." मला ते कधी जमलं नाही. मी उचलून बघायचो. कामावरून परतताना वाट वाकडी करून बघायचो, सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघून बघून यायचो.

अंकासाठी लिहा असं सांगताना संपादक म्हणाले, "तुमचा व्यवसाय वेगळा आहे, गमतीजमती असतील." आहेत. एक सांगतोही. पण लिहायला बसलो की हात नीउ-व्हेनेप नावाच्या गावातल्या त्या एका परसाकडेच जातो, आणि ते एकदाचं लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं वाटत नाही.

आम्ही हॉलंडला आलो ते २००५च्या सुमारास. वैशालीला, माझ्या बायकोला, पुण्याच्या कंपनीने इथे पाठवलं. कुशल कामगाराचा परवाना तिचा, आणि मी तिच्यावर अवलंबून असलेला नवरा. कागदावर तसंच लिहिलेलं असतं. आम्ही उइटहॉर्नला भाड्याचं घर घेतलं. पुण्यात मी इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्यांची गळती काढणाऱ्या एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होतो. माझे वडील आमच्या गावच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचे फिटर. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर आणि दुसरं कानाला लावून जमिनीखालची फुटलेली नळी ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. म्हणजे घराण्यातच पाण्याचा माग काढायचं काम. उइटहॉर्नला चार महिने घरी बसून मी तिन्ही खोल्यांचे नळ दुरुस्त केले, मग शेजाऱ्यांचे केले, आणि त्या शेजाऱ्यांनीच मला हेंककडे नेलं. हेंक घरगुती पोहण्याचे तलाव बांधायचा आणि सांभाळायचा. त्याला गळती शोधणारा माणूस हवा होता. डच मला येत नाही, असं मी सांगितल्यावर तो म्हणाला, "पाण्याला तरी कुठे येतं?"

गणपतीत मराठी मंडळी जमायची तेव्हा पुरुष एकमेकांना आपापल्या प्रोजेक्टचं सांगायचे. मग कुणीतरी माझ्याकडे वळायचं. "आणि आपण?"

"पाणी कुठे जातं ते बघतो," मी म्हणायचो.

"म्हणजे नेटवर्किंगमध्ये?"

वैशाली हसू दाबायला मोदकांचं ताट उचलून आत जायची.

काम तसं सोपं आहे. या देशात परसातला तलाव मे ते सप्टेंबर चालतो. थंडी लागली की तो बंद करतात. पाणी काढून टाकत नाहीत. काठावरच्या पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाच्या खाली वीतभर उतरवतात, नळ्यांमधलं पाणी हवेने फुंकून काढतात, तोंडांना बुचं मारतात आणि वर मोठी ताडपत्री पसरतात. ताडपत्रीवर पावसाचं पाणी साचतं. ते उपसायला तिच्यावर मधोमध एक छोटा पंप ठेवतात. पाणी साचलं की तो आपोआप चालू होतो, आटलं की बंद. मग मार्चपर्यंत कोणी ढुंकून बघत नाही. पण मधेच कधीतरी मालकाच्या लक्षात येतं की ताडपत्री खोल गेली आहे, म्हणजे खालचं पाणी कमी झालंय. तेव्हा आम्हाला फोन येतो.

आम्ही आधी पाणी खरंच जातंय का ते बघतो; बादलीतल्यापेक्षा तलावातलं पाणी जास्त उतरलं तर गळती आहे. मग ते उतरत उतरत कुठे थांबतं ते बघतो. दिव्याच्या खाचेपाशी थांबलं तर गळती दिव्यापाशी, नळीच्या तोंडापाशी थांबलं तर त्या नळीत. म्हणूनच थांबायचं असतं. पाणी आपण होऊन जागा दाखवतं, आपण घाई केली नाही तर.

'पाणी खरंच जातंय का' हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण फुलांची शेती केलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला सहा आठवड्यांची रोजची मापं लिहून दाखवली होती. रोज दोन मिलिमीटर पाणी कमी, एकही दिवस चुकलेला नाही. शेजाऱ्याच्या झाडाची मुळं तलावात घुसली आहेत अशी त्यांची खात्री होती आणि त्यांनी शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं. मी तलावापाशी जाऊन बघितलं. त्यांनी शाळेतली लाकडी पट्टी चिकटपट्टीने भिंतीला लावली होती, शून्य खाली, अर्धी पाण्यात. चिकटपट्टी भिजून सुटत आली होती, आणि लाकूड ते, रोज थोडं थोडं वर तरंगत होतं. पाणी होतं तिथेच होतं. मी सांगितल्यावर त्यांनी पट्टी भिंतीवरून काढून हातात घेतली. मग म्हणाले, "आता त्या झाडाचं काय सांगू त्याला?"

ही गोष्ट मी वर्षभर सगळ्यांना हसत सांगायचो. बघा, माणसं कशी मापाकडे न बघता दोष ठरवून मोकळी होतात! आता सांगताना तितकं हसू येत नाही.

नीउ-व्हेनेपच्या मेव्ह्राऊ बाक्कर यांचा फोन आला तो दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या अखेरीस. मेव्ह्राऊ म्हणजे बाई, इथे सगळ्यांना तसंच म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, ताठ. नवरा पीट आदल्या उन्हाळ्यात गेला होता. परसातला तलाव पीटने स्वतः बसवलेला. फायबरचं तयार भांडं क्रेनने आणून खड्ड्यात ठेवलं होतं, पण नळ्या, सांधे, काठाच्या फरशा सगळं त्याच्या हातचं. पीट शाळेत भूगोल शिकवायचा. त्याने एक वही ठेवली होती, करड्या पुठ्ठ्याची, आखलेली. तारीख, पातळी, हवा, शेरा. पंधरा-सोळा वर्षं, प्रत्येक वेळी तलाव बंद केला तेव्हाची, उघडला तेव्हाची, मधल्या दुरुस्तीची नोंद. शेवटी सही, म्हणजे काम कुणी केलं त्याचं नाव. प्रत्येक ओळीला पीटचंच नाव होतं. शेवटच्या शरदात पीट नव्हता. तलाव मुलाने घाईघाईने बंद केला होता आणि वहीत काही लिहिलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मेव्ह्राऊंनी कॉफी दिली, डबा उघडून एक बिस्किट दिलं, डबा बंद केला आणि वही माझ्यापुढे सरकवली. "यात सगळं आहे. पीटने सगळं लिहून ठेवलंय."

मी वही उघडली. बारीक, तिरपं, जोडून काढलेलं डच अक्षर. तेव्हा मला सुपरमार्केटमधल्या पाट्या वाचता यायच्या, रेल्वे स्टेशनवरच्या सूचना वाचता यायच्या. पीटचं अक्षर वाचता येत नव्हतं. इतकंच सांगायचं होतं. 'बाई, मला हे वाचता येत नाही, वाचून दाखवता का?' त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. पण मी तज्ज्ञ म्हणून आलो होतो. मी पानं उलटली. मधेमधे थांबलो. भुवया वर केल्या. "हं," म्हणालो, "व्यवस्थित माणूस होते."

"उपयोग होईल?"

"नक्कीच."

पुढच्या दोन्ही खेपांना त्यांनी वही टेबलावर ठेवली होती. दोन्ही वेळा मी ती उघडली आणि वाचल्यासारखं केलं.

दुसऱ्या खेपेला मुलगा होता, रोब. पन्नाशीतला, दमलेला, गाडीची किल्ली हातातच. तो माझ्याशी दारातच बोलला. आईने हे घर सोडून फ्लॅटमध्ये यावं असं त्याचं म्हणणं होतं. ती ऐकत नव्हती. मे महिन्यापासून रोज सकाळी पोहते, त्यावर माझे गुडघे चालतात, तलाव आहे तोवर मी इथून हलणार नाही, असं तिने सांगितलं होतं. त्यानेही मग ते धरलं.

"तलाव धड असेल तर मी परत विषय काढणार नाही," रोब म्हणाला. "गेला असेल तर तसं तिला तुम्ही सांगा. माझं ती ऐकत नाही."

म्हणजे एका बाईने आपल्या घरात राहायचं की नाही, हे माझ्या बादलीवर आलं होतं. मला त्याचं ओझं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला मोठेपणा वाटला.

पाणी गुडघाभर उतरलं होतं. नळ्यांच्या तोंडांपाशी थांबलं नव्हतं, दिव्याच्या खाचेपाशीही नाही. मेव्ह्राऊ रोज माप घेत होत्या, पीटच्याच पद्धतीने, स्टीलच्या टेपने. त्यांच्या आकड्यांत एक विचित्र गोष्ट होती. पावसाच्या दिवसांत पाणी भराभर उतरायचं आणि मधे आठवडाभर कडाक्याची थंडी पडली तेव्हा जराही उतरलं नव्हतं. मी त्या आठवड्यावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. काहीतरी चुकत होतं. ते मला टोचत होतं, घरी जेवताना टोचत होतं, सायकलवर टोचत होतं. शेवटी मी एक कारण बनवलं. थंडीत भोवतीची माती गोठून भेग मिटत असणार. नुसत्या आठवडाभराच्या थंडीत एवढ्या खोल माती कशाला गोठेल? पण कारण मिळाल्यावर टोचणं थांबलं, आणि मला तेवढंच हवं होतं.

पाणी कुठेच थांबत नाही, म्हणजे ते सगळ्यात खालून जातंय. तळाला जाळी असते, तिच्याखाली नळीचा सांधा असतो. मी स्वयंपाकघरात दोघांसमोर सांगितलं, "तळाचा सांधा गेलाय."

रोबने आईकडे बघितलं. "तो पप्पांनी स्वतः बसवला होता."

मेव्ह्राऊ म्हणाल्या, "पीटने तो तीनदा तपासला होता. मी टॉर्च धरून उभी होते."

आणि मी म्हणालो, हे वाक्य मी पुढे कितीदा मनात ऐकलंय, मी म्हणालो, "हौशी माणसाचं काम, बाई. इतकी वर्षं टिकलं हेच खूप."

मेव्ह्राऊ उठल्या. डबा न उघडताच त्यांनी तो कपाटात ठेवला.

हेंक त्या आठवड्यात बायकोमुलांबरोबर ऑस्ट्रियात बर्फावर घसरायला गेला होता. फोन केला असता तर उचललाही असता. जाताना तो नेहमीचं बजावून गेला होता, "हिवाळ्यात तलावाचा तळ बघायचा नाही." मी ते ऐकलं होतं, पण माझ्या हाताला पुण्याची सवय होती. गच्चीवरची टाकी गळत असेल तर आम्ही काय करायचो? रिकामी करायची, फडक्याने पुसायची, आणि ओल कुठून येते ते बघायचं. आमच्याकडे पाणी वरून खाली जातं. रिकामी टाकी म्हणजे सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट.

नीउ-व्हेनेप समुद्रापेक्षा चार-पाच मीटर खाली आहे. तिथे पूर्वी सरोवरच होतं, ते उपसून जमीन केली आहे. परसाच्या टोकाला चर होता आणि आठ दिवसांच्या पावसाने तो काठोकाठ भरला होता. तितकंच पाणी तलावाच्या भांड्याभोवती मातीत उभं होतं आणि भांड्याला वर ढकलत होतं. आतल्या पाण्याच्या वजनाने ते खाली बसलं होतं, एवढंच.

सकाळी नऊला मी ताडपत्री ओढून काढली, तिच्यावरचा छोटा पंप बाजूला ठेवला. इथे मी थांबायला हवं होतं. ताडपत्री काढल्यावर तीन दिवस नुसती बादली ठेवायची होती, दुसरं काही नाही. मी दहा वाजता मोठा पंप चालू केला. बारापर्यंत कमरेएवढं पाणी राहिलं. तीनला जाळी दिसायला लागली. मी काठावर गुडघे टेकून वाकलो होतो, टॉर्च सांध्यावर धरून. सांधा कोरा होता. भेग नाही, डाग नाही, पीटने लावलेला पांढरा लेप जसाच्या तसा. मी अजून वाकलो. म्हटलं, दिसेल.

तेव्हा आवाज आला. वडिलांच्या सळईतून यायचे तसले आवाज मी लहानपणी पुष्कळ ऐकलेत, पण हा नव्हता ऐकलेला. जुनी लाकडी फळी हळूहळू वाकवावी तसा, लांबवर चाललेला. माझ्या गुडघ्याखालची फरशी उचलली गेली. मग पुढची, मग तिच्या पुढची. उथळ बाजूचं अख्खं भांडं वीतभर वर आलं आणि मातीतल्या नळ्या एकामागून एक तुटल्या. मी धावत जाऊन बागेचा पाइप तलावात सोडला. बोटाएवढ्या जाडीची ती धार! ती धार हातात धरून मी किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. वर बघितलं तेव्हा मेव्ह्राऊ स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी काच उघडली नाही.

हेंक परत आल्यावर त्याने तलाव बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मेव्ह्राऊंना समजावलं, की चूक आमची आहे, पण सांधा गेलेलाच होता, दुरुस्तीला कधीतरी रिकामा करावाच लागला असता. रोबने मान हलवली. "पप्पांचं नेहमीचं," तो म्हणाला. "सगळं स्वतः करायचं आणि मग दुसऱ्यांनी निस्तरायचं." मी शेजारी उभा होतो. सांधा कोरा होता हे फक्त मी बघितलेलं होतं.

नंतरच्या आठवड्यात ती ताडपत्री फेकायच्या आधी धुवायला म्हणून मी हेंकच्या आवारात पसरली. मधोमध, जिथे पंप बसायचा तिथे, करंगळी जाईल एवढं भोक होतं. भोवती जुन्या ठिगळाचा गोल डाग, ठिगळ सुटून गेलेलं. मी पाइप हातात घेऊन उभा राहिलो आणि सगळं एका क्षणात समजलं. पंपाच्या वजनाने ताडपत्री तिथे दबायची, भोकातून तलावाचंच पाणी वर यायचं, आणि पंप इमानदारीने ते चरात फेकून द्यायचा. पाऊस आला की पंप चालू, पाणी कमी. कडाक्याच्या थंडीत मेव्ह्राऊ पंप गोठू नये म्हणून त्याची पिन काढून ठेवायच्या, म्हणून त्या आठवड्यात पाणी जागचं हललं नव्हतं. गळती नव्हतीच. तलाव धड होता. मी त्याला मारलं होतं, आणि नाव पीटचं घेतलं होतं.

हेंकने लांबून विचारलं, "काही आहे का?"

"नाही," मी म्हणालो. गुंडाळी केली आणि कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकून दिली.

त्यानंतरचे दोन महिने मी जागेवर बसू शकलो नाही. जेवताना उठायचो. टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत जायचो. घरातल्या प्रत्येक नळाखाली हात फिरवायचो. नीउ-व्हेनेपच्या रस्त्याने जाताना त्या गल्लीच्या तोंडाशी व्हॅनचा वेग कमी करायचो आणि मग वाढवायचो. एकदा वाळूचा ट्रक त्या गल्लीत वळताना दिसला. तलाव बुजवायला घेतला होता.

एप्रिलमध्ये हेंकने एक पाकीट माझ्या हातात दिलं. "बाक्करबाईंनी दिलंय. त्यांना वाटलं, अशाच दुसऱ्या तलावाला उपयोगी पडेल." आत पीटची वही होती.

रविवारी सकाळी वैशालीने ती वाचायला घेतली. बाईंनी ही वही तीनदा माझ्यापुढे ठेवली होती, एवढंच मी तिला सांगितलं होतं. ती डचच्या वर्गाला जायची आणि कुठलीही डच गोष्ट मिळाली की सोडायची नाही. मी पोहे करत होतो.

"किती गोड लिहितो रे हा माणूस! 'आज बेडूक सापडला, त्याला चरात सोडलं.' हे बघ, इथे पाण्याच्या नळीचं चित्र काढलंय. 'हायड्रेंजियाच्या झाडामागे झाकण. तलाव उतरवायच्या आधी इथून जमिनीतलं पाणी उपसा.' हे तू बघितलंस का?"

मी गॅस बारीक केला.

"आणि हे शेवटून दुसरं. 'ताडपत्रीला पंपाखाली भोक. ठिगळ लावलं. दर शरदात तपासा. ठिगळ सुटलं तर...'" ती थांबली. दोन बोटांनी ओळ धरून पुन्हा वाचली. "'ठिगळ सुटलं तर पंप तलावच उपसून टाकेल.' शिरीष?"

"हं."

"हे तुला माहीत होतं?"

"भोक माहीत होतं. नंतर कळलं. वहीत लिहिलंय हे माहीत नव्हतं."

"वही तर तुझ्यासमोर होती, म्हणालास. तीनदा."

"मला वाचता आली नाही."

"मग विचारायचं ना रे!"

गॅस बंद करून मी तिला सगळं सांगितलं. सांधा, ते हौशी माणसाचं वाक्य, धुतलेली ताडपत्री. ती ओरडली नाही. तिने वही मिटली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि माझ्या जॅकेटशेजारी खुर्चीवर ठेवली.

"आज रविवार आहे," मी म्हणालो. "असं न विचारता कोणाच्या घरी जात नाहीत इथे."

"फोन करून विचार."

"काय सांगू फोनवर?"

"वही परत द्यायचीय म्हण. खोटं नाही ते." मग म्हणाली, "तुझ्या बाबांबद्दल कोणी असं बोललं असतं तर तू काय केलं असतंस रे?"

मी पोहे न खाता निघालो.

मेव्ह्राऊंच्या घरात खोकी भरलेली होती. रोब भिंतीवरचे खिळे काढत होता. परसात तलावाच्या जागी वाळूचा लांबट चौकोन होता आणि भोवती पीटच्या फरशा तशाच. मी कोट न काढता उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. सांधा चांगला होता, मी डोळ्यांनी बघितला होता. ताडपत्रीला भोक होतं. पीटने ते लिहून ठेवलं होतं. मला वही वाचता आली नाही आणि तसं सांगायची लाज वाटली. भोक सापडल्यावर मी ते लपवलं.

रोब हातोडी घेऊन माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा मला बाहेर काढणार. तो म्हणाला, "आणि आम्ही घर विकलं."

"हो."

"हो काय!"

"रोब," मेव्ह्राऊ म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज सरळ होता. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात त्याचं मी बघेन. पीटबद्दल जे बोललात, ते माझ्या मुलाने ऐकलंय. आणि त्याला ते आवडलं." रोबने खाली बघितलं. "बसा. वही काढा. लिहा."

"काय लिहू?"

"तलाव कायमचा कुणी बंद केला याची नोंद नाहीये. पीटला ते चाललं नसतं."

पेन त्यांनीच दिलं. डचमध्ये लिहायचं होतं. मी एकेक शब्द विचारत लिहिलं, त्या एकेक शब्द सांगत गेल्या. तारखेच्या रकान्यात तो फेब्रुवारीतला दिवस. हवेच्या रकान्यात पाऊस. पातळीच्या रकान्यात काहीच नाही, एक आडवी रेघ. शेरा: सांधा चांगला होता. पीटचं काम चांगलं होतं. पाणी ताडपत्रीच्या भोकातून गेलं. तलाव मी रिकामा केला, म्हणून तो मोडला.

मग नावाचा रकाना आला. पंधरा-सोळा वर्षं तिथे फक्त 'पीट' होतं. मी 'शिरीष' लिहिलं असतं तरी चाललं असतं, हेंकच्या कागदांवर मी तेवढंच लिहायचो. पण इथे ते पुरेसं वाटेना. मी पूर्ण नाव लिहिलं, आपण अर्जावर लिहितो तसं. माझं, वडिलांचं, आडनाव. रकाना अरुंद, नाव शेजारच्या मोकळ्या जागेत गेलं.

रोब माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने खांद्यावरून वाकून सगळं वाचलं, आपल्या बापाच्या नावापाशी थांबून पुन्हा वाचलं. मग माझ्या नावावर बोट ठेवलं.

"हे मधलं कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं."

"ते कशाला लिहिलंत? त्यांनी काय केलं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

मी वही मिटून मेव्ह्राऊंच्या हातात दिली. मग रोबने आईच्या हातातून वही घेतली, सामानाच्या कुठल्याच खोक्यात न टाकता स्वतःच्या कोटाच्या आतल्या बाजूला ठेवली, आणि पुन्हा खिळे काढायला गेला.